बजरंगची साखळी

गाड्या माणसांशी मोकळेपणानं बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. बजरंग नावाच्या थोराड ट्रकनं जन्मभर फौजेत राहून चिखलात अडकलेल्या गाड्या ओढून काढल्या होत्या. ओढताना त्या गाड्या खाली मान घालून गप्प राहायच्या. बजरंगला वाटायचं, काय या घुम्या!

पुढे भंगारात गंजलेल्या बजरंगला याकूब मेस्त्रींनी घरी आणलं आणि तीन वर्षं खपून पुन्हा उभं केलं. हिरवागार रंग लावून दोघं जुन्या गाड्यांच्या मेळ्याला ऐटीत निघाले, आणि भर रस्त्यात बजरंगचं इंजिन बंद पडलं.

मेस्त्रींनी कांदे घेऊन चाललेल्या चिमी नावाच्या छोट्या ट्रॅक्टरला थांबवलं. बजरंग भडकला, "मी रणगाडे ओढलेत! ही चिमुरडी मला ओढणार? त्यापेक्षा इथंच गंजतो!"

"खुशाल गंज," मेस्त्री म्हणाले. "पण घासून घासून माझे हात सोलले, ते आधी बघ."

बजरंग वरमला. चिमी हळूच म्हणाली, "काका, साखळी कुठं अडकवू? तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

बजरंगनं सांगितलं. चिमीनं जोर लावला. लोक बघत होते. बजरंगची मान आपोआप खाली गेली. वीस पावलांवर इंजिन धडधडलं, तसा तो स्वतःवरच मोठ्यानं हसला. मेळ्यातही दिवसभर हसतच होता.

परतताना चिखलात रुतलेली एक जीप दिसली, खाली मान घातलेली. बजरंगनं साखळी टाकली आणि म्हणाला, "लाजू नकोस गं. सकाळी मलाही ओढलं, तेही कांद्याच्या ट्रॅक्टरनं!"

जीप खुदकन हसली. ओढली जाणारी गाडी हसताना बजरंगनं जन्मात पहिल्यांदाच पाहिली.