आवडूबायची उतरण

फार वर्षं झाली या गोष्टीला. तळकोकणात शिरवणें नावाचं गाव होतं. गावाच्या पाठीशी लाल मातीचा उभा डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी. वाडीतल्या अगदी वरच्या घरात आवडू राहायची. तिला सगळे आवडूबाय म्हणत. एका आषाढात भरदुपारी डोंगर खचला आणि उतारावर गुरं वळवायला गेलेला तिचा नवरा बाबल मातीखाली गेला. गुरं घरी आली, बाबल आला नाही. गावाने खूप खणलं, पण त्याचा देह काही हाती लागला नाही.

त्यानंतर दर पावसात ती सुटी माती थोडी थोडी खाली यायची. बायका अंगणातला लाल चिखल खराट्याने लोटून द्यायच्या. आवडूबायला ते बघवत नसे. त्याच मातीत तिचा माणूस होता. जिवंतपणी राब राब राबला, आता मेल्यावर तरी त्याला कुणी हलवू नये, एवढंच तिला हवं होतं. उरलेला डोंगर डोक्यावर येऊ नये, हे वाडीला हवं होतं. माती जागेवर राहिली असती तर दोघांचंही भागलं असतं.

त्या काळी अननस म्हणजे नवलाईचं फळ. बाजारात विकणारे वरचा तुरा मोडून फेकून देत. आवडूबाय ते तुरे टोपलीत गोळा करायची, सावलीत सुकवायची आणि खचलेल्या उतारावर आडव्या ओळींनी लावायची. मुळाशी पातेरा, म्हणजे झाडाखालचा गळका पाला, पसरायची. काटेरी पानांनी हात सोलवटून निघायचे. प्रत्येक तुरा लावताना ती बाबलशी बोलायची, असं म्हणतात. काय बोलायची ते कुणी ऐकलं नाही, पण सांगणारे मात्र आपापल्या पदरचं घालून सांगतात.

लोक हसायचे. "आवडू डोंगराक वेणी घालता," म्हणायचे.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. रोपं हातभर वाढली, पण फळाचं नाव नाही. उलट चरायला गेलेल्या गुरांची तोंडं फाटू लागली. तेव्हा गावचा मानकरी रवळू गावकर तिच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"बाये, ह्यां रान काढून टाक. गुरांची तोंडां फाटतत."

"गुराचां तोंड बरां व्हता, गावकरानूं," आवडूबाय म्हणाली. "डोंगर फाटलो तर शिवूक कोण येतलो?"

रवळूला राग आला. तसा माणूस वाईट नव्हता, पण आपला शब्द खाली पडलेला त्याला खपत नसे. तो राब भाजणारा, पालापाचोळा जाळून जमीन तयार करणारा शेतकरी. नको असलेलं काहीही आगीपुढे टिकत नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. मार्गशीर्षात, आवडूबाय बाजाराला गेली असताना, त्याने माणसं नेली आणि उतारावरच्या पातेऱ्याला आग लावली.

पण अननस म्हणजे काही गवत नव्हे. पानांच्या बेचक्यांत दव साठलेलं, खालचा पातेरा ओला. आग भडकलीच नाही, नुसता धूर कोंडला. जाड, पांढरा धूर ओळीओळींतून कितीतरी दिवस धुमसत राहिला. आवडूबाय परत आली ती डोक्यावरच्या टोपलीसकट तिथेच बसली. नवरा गेला तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या दिवशी मात्र ती धाय मोकलून रडली. तिला वाटलं, बाबल दुसऱ्यांदा गेला.

पुढे माघ आला. पानांची टोकं करपलेली होती, पण रोपांच्या पोटात लाली दिसू लागली. एक नाही, दोन नाही, उतारावरच्या एकूण एक रोपाच्या पोटात. डोंगर लालबुंद फुलला. जाणते शेतकरी सांगतील की धुराने अननस फुलतो. सांगोत बापडे. शिरवण्यात म्हणतात की बाबलने मातीखाली कूस बदलली आणि बायकोची बाजू घेतली.

रवळू गावकर वर आला, डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला. ज्येष्ठात फळं पिकली तेव्हा आवडूबायने पहिलं फळ त्याच्याच घरी नेलं.

"फळ तुमचां, तुरो माझो," ती म्हणाली. "खालची ओळ अजून लावची रवली हा."

दुसऱ्या दिवशी रवळूने तो तुरा स्वतःच्या हाताने लावला. मग घरोघरचे तुरे उतारावर आले.

त्याच वर्षी आषाढात पाऊस असा कोसळला की नदी उलटी वाहिली म्हणतात. डोंगराचा माथा सुटला आणि गडगडत खाली आला. वाडीने देवाचं नाव घेतलं. आवडूबाय दारात उभी राहून नुसती वर बघत होती. असं म्हणतात की त्या वेळी रोपांनी पानांत पानं अडकवली, लेकुरवाळ्या बाया गर्दीत एकमेकींचे हात धरतात तशी. दरड वरच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. खाली एक कौलसुद्धा हललं नाही. बाबलची मातीही हलली नाही.

आवडूबाय पुष्कळ जगली. गेली तेव्हा तिच्या सांगण्यावरून तिला त्याच उतारावर मातीत ठेवलं. एकदा फळ देऊन अननसाचं झाड झिजतं, पण बाजूने पिल्लं फुटतात. त्या ओळी अजून तशाच उभ्या आहेत. शिरवण्यातला अननस पाहुण्याला मिळतो, पण तुरा गावाबाहेर जात नाही.

आणि दर मार्गशीर्षात रवळू गावकराच्या घरातला वडीलधारा माणूस अनवाणी उतारावर चढतो. वाऱ्याची दिशा बघून ओल्या पातेऱ्याखाली निखारा ठेवतो. सगळा गाव खाली उभा असतो. पहिला धूर वर निघाला की तो हात जोडतो आणि, आपण कशाला आलोय ते आवडूबायला सांगत, दरवर्षी तेवढंच म्हणतो,

"बाये, जाळूक नाय इलंय. धूर घेवन इलंय."