कोरड्या जिभेवरचे औषध

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दारी एक बाई आली. तिची लहानगी लेक अंथरुणाला खिळली होती, तापाने फणफणत, वेदनेने अखंड कण्हत होती, आणि काढ्याचा घोटही तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

"ती वाचायची नाही, हे कळतंय मला," बाई म्हणाली. "तिचं दुखणं तेवढं थांबवा."

गिळावे लागू नये असे औषध हवे होते. वैद्यांनी ते काम शिष्याकडे सोपवले. शिष्याने वेदनाशामक अर्क डिंकाच्या पाण्यात घोटून काचेवर पातळ पसरला. उन्हात ठेवला तर तडकला, घाईने उचलला तर फाटला. अखेर सावलीत सावकाश वाळवून त्याने कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा अलगद सोडवला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला. क्षणात विरघळला. शिष्य मनोमन सुखावला आणि तसे पापुद्रे त्याने बाईच्या हाती दिले.

दुसऱ्या दिवशी बाई परत आली. "विरघळत नाही हो तो. टाळूला चिकटून बसतो, मग पोर आणखीच कासावीस होते."

"तुम्ही नीट ठेवत नसाल, ताई. मी चाखून पाहिलाय."

"असेल," बाई पुटपुटली. "माझा हात कापतो खरा. माझंच काहीतरी चुकत असणार."

वैद्य उठले. त्यांनी स्वच्छ कापडाचा बोळा शिष्याच्या तोंडात घालून सगळी लाळ टिपून घेतली, आणि त्या कोरड्या जिभेवर पापुद्रा ठेवला. तो तिथेच चिकटला. शिष्याला तो ना गिळता आला, ना थुंकता.

"तुझ्या औषधात खोट नाही," वैद्य म्हणाले. "पण ते विरघळतं लाळेत. ती तुला आयती मिळते, म्हणून तू ती हिशेबात धरलीच नाहीस. त्या पोरीचं तोंड तापानं सुकलंय. आपण धडधाकट माणसं दुसऱ्याचं दुखणं आपल्या तोंडानं चाखतो, आणि चव जुळली नाही की त्याच्याच हाताला दोष देतो."

शिष्य बाईबरोबर निघाला. ओल्या कापसाने त्याने मुलीची जीभ भिजवली, मग पापुद्रा ठेवला. तो विरघळला. काही वेळाने कण्हणे थांबले. आईचा पदर मुठीत धरून मुलगी झोपी गेली.

"ताई, तुमचा हात चुकला नव्हता," शिष्य म्हणाला.

"खरंच?"

"खरंच."

मुलगी त्या दुखण्यातून उठली नाही. जाताना मात्र ती शांत होती. पुढे बाई कधी वाटेत भेटली की इकडचेतिकडचे बोलून हळूच तेच विचारी. आणि शिष्य दर वेळी, प्रथमच सांगावे तसे, थांबून सांगे, "नाही ताई. तुमचा हात चुकला नव्हता."