आगाशे मास्तरांची मान

एका तालुक्याच्या गावात आगाशे नावाचे एक निवृत्त हेडमास्तर राहत असत. गणितात हुशार, पण तापट इतके की विचारू नका. एकदा सांगितलेली गोष्ट समोरच्याला लगेच आलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तीस वर्षं तो शाळेतल्या मुलांनी सोसला. आता पाळी आली होती त्यांच्या नातीची.

मुक्ता पाचवीत होती आणि तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं होतं. रोज संध्याकाळी आजोबा अपूर्णांक शिकवायचे. ती चुकली की त्यांचा आवाज चढायचा. काल समजलं म्हणालीस, मग आज चुकतं कसं? पोर आधी रडायची, मग गप्प बसू लागली. शेवटी तिने आईला सांगितलं की तिला गणित येणारच नाही, ती परीक्षेला बसत नाही.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मास्तरांना मोकळ्या हवेत जायला सांगितलं. गावाबाहेर गोल्फचं जुनं मैदान होतं. तिथे गवत कापता कापता खेळ शिकलेला येसाजी आता इतरांना शिकवत असे. मास्तर त्याच्याकडे जाऊ लागले.

येसाजीने पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली. काठी चेंडूला लागेपर्यंत मान वर करायची नाही. मास्तर म्हणाले, समजलं. आणि केली की हो मान वर! चेंडू कुठे गेला ते बघायची घाई. अहो, पण त्याला जाऊ तर द्या! चेंडू जागच्या जागी राहिला आणि मातीचं ढेकूळ तेवढं उडालं.

दुसऱ्या दिवशी तेच. दुसऱ्या महिन्यातही तेच. येसाजी रोज सांगायचा, मास्तर रोज समजलं म्हणायचे आणि रोज मान वर करायचे. पन्नास चेंडू मारा म्हटलं, तर दहा मारून बाकावर बसायचे आणि तिथून दुसऱ्यांच्या चुका काढायचे. आता या माणसाला काय म्हणावं? कधी काठी वाकडी असायची, कधी गवत जास्त वाढलेलं असायचं. एकदा तर वाऱ्यावरही खापर फोडून झालं.

एका सकाळी त्यांनी काठी फेकली आणि ते येसाजीवरच घसरले. "तुला शिकवताच येत नाही. मला पहिल्याच दिवशी समजलंय, मग येत कसं नाही?"

येसाजीने काठी उचलून पुसली. "समजलंय तुम्हाला, सर. पण अंगात मुरायला वेळ लागतो. मी ओरडलो तर ते लवकर मुरेल का?"

दोन महिने हा माणूस तेच वाक्य त्याच आवाजात सांगत होता, हे मास्तरांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांना मनापासून लाज वाटली. त्या दिवशी त्यांनी पन्नास चेंडू मारले. मग रोजच मारू लागले. पंधरा दिवसांनी दहातला एखादा चेंडू सरळ जाऊ लागला.

मग एका रविवारी त्यांनी मुक्ताला सोबत नेलं. आजोबा कसे चुकतात ते बघ म्हणाले. तिने बघितलं. एकापाठोपाठ अकरा वेळा ढेकळं उडाली आणि अकरा वेळा येसाजीने शांतपणे तेच सांगितलं. बाराव्या वेळी मान खाली राहिली आणि चेंडू सरळ गेला. फार लांब नाही, पण गेला.

घरी येताना मुक्ताने विचारलं, "आजोबा, तुम्ही इतके चुकलात, तरी ते काका रागावले कसे नाहीत?"

मास्तर रस्त्यातच थांबले. "कारण त्यांना शिकवता येतं," ते म्हणाले. "मला येत नव्हतं. तुझं काही चुकलं नाही, बाळा."

संध्याकाळी मुक्ता आपणहून वही घेऊन त्यांच्यासमोर बसली. पहिलंच गणित चुकलं. तिने घाबरून वर बघितलं.

"पुन्हा करू या," आजोबा म्हणाले.

तात्पर्य: समजायला एक दिवस पुरतो, यायला रोजचा सराव लागतो. शिकवणाऱ्याला याचा विसर पडला, तर त्याने दुसऱ्यावर ओरडण्याआधी स्वतः एखादी नवी गोष्ट शिकून पाहावी.