पालथा भोपळा

ऐका रे पोरांनो, अन् थोरांनीही कान द्या. फार वर्षांपूर्वी, या डोंगराला धड पायवाटसुद्धा नव्हती तेव्हा, कारवीपाड्यात नवसू नावाचा शेतकरी होता. मुठीत भात धरलं की दाणा कसदार की पोचट, ते डोळे मिटून सांगायचा, असं म्हणतात.

पाड्याची रीत अशी, की घरोघरचं निवडक बियाणं टेकाडावर शेजारी शेजारी पेरायचं. उतारावरचं भात ते, पावसावरच जगायला हवं. हातानं पाणी घालायचं नाही. पिकलं की सगळ्यांनी शिजवून चाखायचं, अन् ठरेल ते पुढल्या साली पाडाभर पेरायचं.

एका साली भादव्यात पावसानं दडी मारली. नवसूचा पट्टा पिवळा पडला, शेजारचा, बुधी नावाच्या बाईचा, मात्र तग धरून! नवसूचा जीव खालीवर. पाडा बाजाराला गेला तसं त्यानं झऱ्यावरून पाण्याचे पोकळ भोपळे भरभरून आणले अन् आपलं भात भिजवलं.

झालं! त्याचंच भात ठरलं. बुधीनं आपलं बियाणं कांडून पोरांना खाऊ घातलं. नवसू लाजेनं अर्धा झाला, पण तोंड उघडेना.

पुढल्या साली पाऊस पुन्हा दडला, अन् पाडाभर पोचट लोंब्या. लोक कंद उकरून खाऊ लागले. बुधीच त्याला म्हणाली, "नवसूदादा, तू तरी काय करशील? पावसानंच दगा दिला."

हे मात्र त्याला सोसेना. "पावसानं नाही गं बाय, मी दिला," म्हणत त्यानं सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. सगळे मुकाट उठून गेले. अरे, त्यापेक्षा मार परवडला असता!

तेव्हा खाली गेलेली त्याची मान पुन्हा वर आली नाही. तो जवळ गेला की झरा आटायचा, असं म्हणतात. खालमानेनं उतारन् उतार धुंडाळताना एकदा त्याला दगडाच्या फटीत बुधीच्या सांडलेल्या दाण्याचं एकच रोप दिसलं, भरल्या लोंबीचं. ते बियाणं त्यानं सालोसाल वाढवलं अन् घरोघर पोचवलं.

लोक म्हणाले, भाताला तुझं नाव देऊ. त्यानं हात जोडले. "भाताला बुधीचं द्या. माझं त्या भोपळ्याला द्या."

म्हणून अजून टेकाडावर पेरणी झाली की बांधावर रिकामा भोपळा पालथा ठेवतात. त्याला नवसू म्हणतात. भात चाखायच्या आधी, ज्याचं बियाणं त्यानं भोपळ्यावर हात ठेवून म्हणायचं, "नवसू पालथाच होता." ज्याला म्हणवत नाही, तो भरल्या पानावरून उठतो. त्याला कुणी काही बोलत नाही.