येसाक्कानं मागितलेलं रक्त

फार वर्षं झाली. धारखोऱ्यात तेव्हा रस्ता नव्हता, पण येसाक्का सुईण होती. तीन पिढ्या तिच्याच हातांत जन्मल्या. म्हातारपणी तिची दृष्टी गेली, तरी नुसतं मनगट धरून ती माणूस ओळखायची, असं म्हणतात.

एका श्रावणात तातोबाची बायको हौसा बाळंत झाली. पोर वाचली, पण हौसाचं रक्त थांबेना. डोलीत घालून तिला तालुक्याला नेलं. सोबत येसाक्का आणि वीस गडी होते. डॉक्टर म्हणाले, "दोन बाटल्या रक्त लागेल. कोण देतंय?"

रक्त दिलं की आयुष्य घटतं, अशी तेव्हा समजूत होती. विसाच्या वीस माना खाली गेल्या. तातोबाचीही. येसाक्काचा हात धरूनच हौसा गेली.

येसाक्का रडली नाही. तेरावं झालं आणि ती काठी टेकत दारोदार फिरली. प्रत्येक दारात एकच बोलली, "तू जन्मलास तवा तुझ्या आयचं रगत या हातांवरनं वाह्यलंय. आता एक बाटली तू दे."

मग तिनं डॉक्टरांना खोऱ्यात बोलावलं. वाघजाईच्या देवळात बाजा मांडल्या, नाचणीची आंबील शिजवली आणि स्वतः दारात बसली. सूर्य डोक्यावर आला तरी कुणी फिरकेना. डॉक्टर सामान आवरू लागले.

"थांब लेकरा," ती म्हणाली. "पावलं वाजत्यात."

तातोबा आला होता. त्यानं हात पुढं केला. येसाक्कानं त्याचं मनगट धरलं. "उशिरा आलास तातोबा. पर आलास."

बाटली भरली. तो बाहेर आला आणि ओरडला, "बघा रं! जिता हाय मी!"

तेव्हा दारं उघडली. रांग पार नदीपर्यंत गेली. पलीकडची माणसं हातात हात गुंफून पुरातून आली. येसाक्का एकेकाचं मनगट धरी आणि त्याच्या आईचं नाव घेई. एकदाही चुकली नाही. बाटल्या संपल्या, रांग संपली नाही. त्या दिवशी कुणाला साधी चक्कर आली नाही आणि आंबिलीच्या हंड्याचा तळ कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

त्याच आठवड्यात वरच्या वाडीची एक बाळंतीण तालुक्याला नेली. या खेपेला रक्त तिची वाट बघत होतं.

"वाचली?" येसाक्कानं विचारलं.

"वाचली, आज्जे."

तेव्हा कुठं ती हौसासाठी रडली.

आजही भाद्रपदात वाघजाईच्या देवळात रक्त देतात. त्या वर्षी जो बाप झाला, त्याचा मान पहिला. रक्त देऊन माणूस आधी आईच्या पाया पडतो. ज्याला आई नाही, तो येसाक्काच्या उंबऱ्यावर डोकं टेकवतो.