सत्तावीस पुरचुंड्या

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा एक गुळव्या राहत होता. उसाचा रस भल्यामोठ्या काहिलीत आटवायचा आणि गूळ तयार होताच काहिल चुलाणावरून उतरवायला सांगायची, हे त्याचं काम. थोडी आधी उतरवली तर गूळ बसत नाही. थोडा उशीर झाला तर करपतो. म्हणून केरबा उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकी, बोटांनी त्याची गोळी वळी आणि ती काहिलीच्या काठावर मारी. गोळी टण् वाजली की तो हात वर करी आणि चौघे जण काहिल उचलत.

केरबानं चाळीस वर्षांत एकही काहिल बिघडवली नाही, असं सारं गाव सांगे.

हे काही खरं नव्हतं. पण ऐकायला बरं वाटे, म्हणून केरबानं ते कधी खोडून काढलं नाही. काहिल बिघडली की तो म्हणे, "ऊसच किडका होता," नाहीतर म्हणे, "कुत्र्यानं तोंड घातलं." मग तो गूळ बैलांच्या वैरणीत जाई. त्याआधी मात्र केरबा त्यातला सुपारीएवढा खडा काढी, फडक्यात बांधी आणि घरी माळ्यावरच्या राखेच्या गाडग्यात पुरून ठेवी. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असलं की एकेक पुरचुंडी सोडून बघत बसे. हा का चिकट राहिला? हा का काळा पडला? अशा सत्तावीस पुरचुंड्या होत्या. केरबाची सगळी विद्या त्या गाडग्यात होती. ते ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, गौराबाईला.

"मुंग्यांनाबी कळलंय ह्या गाडग्यातलं," ती म्हणे. "गावालाच तेवढं न्हाई."

केरबा ऐकून न ऐकल्यासारखं करी.

चुलाणाच्या धुरानं हळूहळू केरबाचे डोळे अधू झाले. गावाला दुसरा गुळव्या हवा होता. त्यासाठी गुऱ्हाळाचे मालक बाबगोंडा पाटील यांनी एक परीक्षा घालून दिली होती. नव्या माणसानं गावादेखत तीन काहिली उतरवायच्या. मध्ये कुणाला काही विचारायचं नाही. तिन्ही साधल्या तर तो गुळव्या, एक जरी बिघडली तरी बाद. केरबाची कधी बिघडत नाही, मग दुसऱ्याची का बिघडावी, असा पाटलांचा साधा हिशोब. आतापर्यंत चार जण बसले आणि चारही बाद झाले. केरबा त्यांना एवढंच सांगे, "बघून शिका."

यंदा सिदू बसला होता. दोन लेकरांचा बाप. सहा वर्षं त्यानं चुलाणात चिपाडं सारली होती, आणि जाळ सारता सारता पाकाच्या बुडबुड्यांवरची नजर कधी काढली नव्हती. या वेळी तोही बाद झाला तर बाहेरगावचा गुळव्या आणायचा, असं पाटलांनी आधीच ठरवलं होतं.

पहिली काहिल साधली. ढेप फोडली तर आत सोन्यासारखा रवा. दुसरीही साधली. तिसरीला नदीकाठच्या मळीच्या रानातला ऊस आला. पावसाळ्यात तो आठ दिवस पुराच्या पाण्यात उभा होता. सिदूनं गोळी वळली, काठावर मारली, जरासा थांबला आणि हात वर केला.

दुपार कलली तरी गूळ बसेना. बोट घातलं की तार निघे.

"आता ह्याच्या ढेपा करायच्या का वाटीनं प्यायचा?" कुणीतरी बोललं आणि लोक हसले. सिदू मान खाली घालून उभा राहिला.

पाटील केरबाकडे वळले. "तात्या, तुम्हीच सांगा. चाळीस वर्षांत तुमच्या हातनं अशी एक तरी काहिल गेली का?"

सगळे केरबाकडे बघू लागले. गौराबाई भाकरी घेऊन आली होती, तीही बघू लागली. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर झालं असतं. चाळीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. पण केरबाला ती चिकट तार दिसत होती. अशीच तार त्यानं एकदा पाहिली होती. महापुराच्या साली, याच मळीतल्या उसाची. त्या वेळी तो खोटं बोलला होता. आता पुन्हा बोलला तर सिदू घरी जाणार होता.

"गेली की," केरबा म्हणाला. "अशीच गेली, महापुराच्या साली. कुत्र्यानं तोंड घातलं म्हणून मी तुमच्या वडलांना थाप मारली होती."

मग केरबा बायकोला म्हणाला, "जा, गाडगं घेऊन ये."

"आणते," गौराबाई म्हणाली. "मुंग्या झटकून आणते."

केरबानं सगळ्यांसमोर सत्तावीस पुरचुंड्या सोडल्या. हा खडा चुन्याची निवळी जास्त झाल्यानं काळा पडला. हा रसावरची मळी नीट न काढल्यानं. हा मी गप्पा मारत बसलो होतो म्हणून. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. पण लोक हसत नव्हते. एकेक खडा हातात घेऊन बघत होते. महापुराच्या सालचा खडा आला तेव्हा त्यानं तो सिदूच्या तळहातावर ठेवला.

"आता तू सांग. आज काय चुकलं?"

"गोळी वळली, तात्या. पण टण् वाजली न्हाई. दबकी वाजली."

"मग हात का वर केलास?" पाटलांनी विचारलं.

"आधीच्या दोन बऱ्या उतरल्या होत्या. वाटलं, माझंच कान फसत असतील. आन् परीक्षेत इचारायचं कुणाला?"

केरबा म्हणाला, "पाटील, ह्याला कळलं होतं. परीक्षेनं ह्याचं तोंड बांधलं आन् मी ह्याला माझं गाडगं दाखवलं न्हाई. पुरात बुडलेला ऊस जास्त आटवावा लागतो, हे मला एक काहिल घालवून कळलं. ह्यानं पुन्हा घालवायची काय गरज होती? उद्या त्याच उसाची काहिल ह्याला लावू द्या. काय इचारायचं ते इचारू द्या."

पाटलांनी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहिल चढली. सिदूनं पाक नेहमीपेक्षा बराच वेळ आटू दिला. पहिली गोळी दबकी वाजली. तो म्हणाला, "अजून न्हाई." दुसरी वळली आणि त्यानं विचारलं, "तात्या, झालं का?"

"मला इचारलंस ते बरं केलंस," केरबा म्हणाला. "पण मार काठावर. सगळेच ऐकू."

सगळ्यांनी काहिलीकडे कान लावले. चुलाणात चिपाडं सारणारासुद्धा थांबला. सिदूनं गोळी मारली.

टण्!

सिदूचा हात वर जायच्या आधी पाटलांचाच हात वर गेला होता. लोक खो खो हसले, आणि हसत हसतच चौघांनी काहिल उचलली. दुपारी ढेप फोडली, तेव्हा आत खडखडीत रवा होता.

त्या दिवसापासून गाडगं माळ्यावर गेलं नाही. ते गुऱ्हाळाच्या मधल्या खांबाला टांगलं. शिकायला येणाऱ्याला केरबा आधी ते उघडून दाखवी आणि मगच चुलाणाजवळ बसवी. परीक्षेत विचारायची मुभा झाली आणि गुळव्याचं काम सिदूकडे आलं. गाडग्यात सिदूनं आपल्या बिघडलेल्या काहिलीतल्या गुळाची अठ्ठाविसावी पुरचुंडी स्वतःच्या हातानं टाकली, तेव्हा केरबा समाधानानं म्हणाला, "आता तू गुळव्या झालास."

तात्पर्य: चुका लपवल्या तर त्यांतून मिळालेलं शहाणपण एकट्यापुरतं राहतं, आणि उघड केल्या तर ते सगळ्यांच्या कामी येतं. म्हणून शिकवणाऱ्यानं आधी आपल्या चुका दाखवाव्यात, आणि पारखणाऱ्यानं चूक झाली की नाही एवढंच न बघता ती करणाऱ्याला समजली का, ते बघावं.