आंबूबायची उघाडी

फार वर्षांमागे, आपल्या खाडीकाठचं सगळं मिठागर एकाच शेटचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. सावकाश सांगतो, सावकाश ऐका.

मीठ काढणाऱ्यांच्या घशाला दिवसभर खारा वारा लागायचा, आणि गोड्या पाण्याची विहीर होती एकच. तिला शेटने कुलूप घातलं. का, तर माणसं सारखी पाणी प्यायला जातात, काम थांबतं. दुपारी एकदा कुलूप निघायचं. माणशी एक तांब्या. शेटच्या घोड्याला मात्र दोन घागरी.

चैत्रात पोटुशी हिरू मिठातच कोसळली. पाणी पाणी करत गेली. किल्ली बंगल्यात होती आणि शेट जेवत होता. घास खाली ठेवून उठावं, एवढंही त्याला वाटलं नाही.

बांधाच्या उघाडीवर आंबूबाय असायची. उघाडी म्हणजे समुद्राचं पाणी आगरात घ्यायचं दार. कुठल्या भरतीला किती फळ्या उचलायच्या, ते तिच्या हातालाच कळायचं. तिने हिरूचं तोंड पुसलं आणि जाऊन फळ्यांवर बसली. म्हणाली, "आमाला पानी नाय, तर मिठालाबी नाय."

सगळ्यांनी फावडी टाकली. मुठीत मीठ धरून शपथ घेतली. तालुक्याचा पुढारी आला, "माझा पाठिंबा आहे" म्हणाला, टाळ्या घेतल्या आणि सरबत प्यायला शेटच्या बंगल्यावर गेला.

मग अमावास्येचं उधाण आलं. असं म्हणतात, पाणी बांधाहून पुरुषभर उंच उभं राहिलं, पण एक थेंब आत आला नाही.

शेट गडी घेऊन आला. "ऊठ थेरडे! समुद्र काय तुझ्या बापाचा?"

"नाय शेट. तुमच्या बापाचा तरी कुठंय? मला उठवू नका. तो माझ्यासाठी थांबलाय."

गडी हसले. शेट ओरडला, "ओढा हिला! उचला सगळ्या फळ्या!"

उधाणात सगळ्या फळ्या आगरातलं शेंबडं पोरही उचलणार नाही. त्यांनी उचलल्या.

समुद्र आत आला. हंगामभराच्या मिठाच्या राशी एका भरतीत विरघळल्या. विहीर खारी झाली, बंगल्याच्या चुलीत मासे फिरले. कामगारांच्या एकाही झोपडीचा उंबरा भिजला नाही, असं म्हणतात. आंबूबाय मात्र कुणाला सापडली नाही. ती बसायची तिथे दगडातून गोडं पाणी फुटलं.

तिसऱ्या दिवशी शेट तांब्या घेऊन तिथे आला. लोकांनी त्याला हाकललं नाही. सगळ्यांच्या मागे उभं केलं.

अजूनही हंगाम सुरू होताना त्या झऱ्यावर रांग लागते. पोटुशी बाई पहिली, मग मीठ काढणारे. मालक कुणीही असो, शेवटी. त्याचं पिऊन होईपर्यंत फळीला कुणी हात लावत नाही. एका वर्षी एक मालक उन्हासाठी छत्री घेऊन आला होता. बायकांनी ती मिटायला लावली.